कल्याणची लेक, गोपकपट्टणची सून

(उत्सवप्रसंगी महाजन मंडळींसमोर वाचलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवस्थानच्या दप्तरातील एखादी जुनी वंशावळ उलगडली, की माथ्यावर मूळपुरुषाचे नाव दिसते. त्याखाली पुत्र, त्याखाली पौत्र, मग शाखा फुटत फुटत हल्लीच्या पिढीपर्यंत येतात. कोणी निपुत्रिक वारला असेल तर तशी नोंद असते. कोणी दत्तक गेला असेल तर तीही असते. परंतु त्या मूळपुरुषाची पत्नी कोण होती, ती कोणत्या गावाहून आली, तिच्या पित्याचे नाव काय, असे विचारले तर कागद सहसा मौन धरतो. देवळाच्या प्राकारात मूळपुरुषाची घुमटी असते, तिला मानाचा नारळ मिळतो. ज्या स्त्रीने त्याचा वंश वाढविला तिच्या नावाचा साधा दगडही आढळत नाही. घरातील आजींना मात्र हे सारे तोंडपाठ असे. अमकीचे माहेर कुठले, तमकीची सासू कोणता घाट उतरून आली, हे त्या सांगत; आणि त्या गेल्या की ते ज्ञानही त्यांच्याबरोबर जाई.

ज्या राजघराण्याच्या छत्राखाली गोमंतकातील कित्येक देवस्थाने नांदली, त्या कदंब घराण्याची वंशावळ या बाबतीत वेगळी आहे. तिच्यात परमुलखातून आलेल्या सुनेचे नाव आहे, तिच्या पित्याचे नाव आहे, आणि तिच्या माहेरची खूण तिच्या मुलाच्या नावात कायमची राहिलेली आहे. ती सून म्हणजे मैळलदेवी; तिचा पती कदंब नृपती जयकेशी दुसरा; आणि तिचे माहेर कल्याण. या दांपत्याच्या सोयरिकीचा व वंशाचा मागोवा घेणे हा या व्याख्यानाचा विषय होय.

हे कल्याण म्हणजे ठाण्याजवळचे कल्याण नव्हे. ते आज बसवकल्याण या नावाने ओळखले जाते आणि कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात आहे. गोव्यातील दत्तभक्त मंडळी गाणगापूरला जातात, भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करतात, निर्गुण पादुकांचे दर्शन घेतात आणि परत फिरतात. ते गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यातले. त्याच जिल्ह्यात मळखेड आहे, जे एकेकाळी राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणून गाजले. चालुक्य वंशातील सोमेश्वर पहिला (१०४२ ते १०६८) याने मान्यखेटाऐवजी कल्याणास राजधानी केली, आणि पुढे शंभरावर वर्षे दख्खनची सूत्रे तेथून हलत होती. हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, नंतर म्हैसूर राज्यात आले. २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, आणि २०१९ साली त्या सबंध विभागालाच 'कल्याण कर्नाटक' असे नाव मिळाले. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूंना मराठी आणि कानडी एकाच बाजारात, पुष्कळदा एकाच घरात, बोलल्या जातात. आडनाव ऐकून भाषा ओळखू पाहणारा तिथे हमखास फसतो.

सोमेश्वराचा पुत्र विक्रमादित्य सहावा १०७६ साली गादीवर आला आणि ११२६ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, राज्य करीत राहिला. त्याने शक मागे सारून स्वतःच्या नावाचा संवत्सर चालू केला. त्याच्या दरबारी काश्मीरहून बिल्हण कवी आला व त्याने 'विक्रमाङ्कदेवचरित' हे अठरा सर्गांचे काव्य रचले. त्याच्याच आश्रयाला विज्ञानेश्वर होता, ज्याची याज्ञवल्क्य स्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका पुढे आठशे-नऊशे वर्षे हिंदू कुटुंबांच्या वाटण्या ठरवीत आली. ग्रंथाच्या शेवटी विज्ञानेश्वराने कल्याणासारखे नगर भूतलावर झाले नाही व होणार नाही अशी ग्वाही दिली आहे. राजाश्रयी पंडिताची ती स्तुती थोडी सैल हातानेच घ्यावी. तरी पण पोटापाण्यासाठी काश्मीरपासून माणसे जिथे येत होती ते नगर लहान नसणार, हे उघड आहे.

आता गोव्याकडील बाजू पाहू. आज गोव्यात 'कदंब' म्हटले की लहान मुलाला बस आठवते. १९८० साली निघालेल्या वाहतूक महामंडळाने ते नाव घरोघर नेले, यात वावगे काहीच नाही. परंतु मूळ कदंबांचीही वाहने होती, आणि ती समुद्रात चालत. त्यांची जुनी राजधानी चंद्रपूर, म्हणजे सासष्टीतले चांदर. जयकेशी पहिला याने ती जुवारीच्या मुखाजवळ गोपकपट्टणास आणली. ते ठिकाण आजच्या थोरल्या गोव्याच्या आसपास होते. या बंदरात परदेशी कुटुंबेही स्थायिक झाली होती. कदंब राजा गुहल्ल सोमनाथाच्या यात्रेस निघाला असता त्याच्या गलबताची डोलकाठी मोडली. तेव्हा गोपक बंदरातील एका अरब व्यापाऱ्याने त्यास साहाय्य केले, आणि पुढे त्याच व्यापाऱ्याचा नातू छाडम हा जयकेशी पहिल्याच्या कारभारात मोठ्या पदास चढला, असे ताम्रपटावरून दिसते. बाहेरून आलेल्याला घरचा करून घेण्याची ही रीत त्या घराण्याच्या अंगवळणी पडली होती.

सोयरिकींतही तेच दिसते. गुहल्लाच्या वंशातील षष्ठदेव दुसरा याने आरमाराच्या बळावर नाव कमावले. ठाण्याच्या शिलाहार मुम्मुणीने त्याला सन्मानाने आपल्या वाड्यात नेले, आपली कन्या दिली, आणि जावयास पाच लक्ष सुवर्णनाणी दिली, असे धारवाडजवळच्या नरेंद्र गावचा शिलालेख सांगतो. आकडा शिलालेखाचा आहे, आणि शिलालेख लिहविणाराला आकड्यांची कंजुषी नसते.

षष्ठदेवाचा पुत्र जयकेशी पहिला. त्याने मुली दिल्या त्या मात्र फार दूर दिल्या. एक गेली गुजरातेत, अणहिलपाटणच्या चौलुक्य कर्णराजाकडे. तिचे नाव मयणल्लादेवी. गुजराती लोक तिला मीनळदेवी म्हणतात. या लग्नाच्या दोन कथा आहेत. हेमचंद्र सूरी सांगतो की चंद्रपूरच्या जयकेशीच्या कन्येचे चित्र पाहून कर्ण मोहित झाला. मेरुतुंग म्हणतो ते अगदी उलट: मुलगी रूपाने बेताची निघाली म्हणून राजाने पाठ फिरविली, तिने अग्निप्रवेशाची तयारी केली, आणि सासू उदयमतीने स्वतः प्राण देण्याची धमकी दिली तेव्हा कुठे लग्न लागले. हेमचंद्र हा तिच्या पुत्राच्या दरबारातला माणूस, राजमातेविषयी कटू लिहिणे त्यास परवडणारे नव्हते. मेरुतुंगाचा ग्रंथ १३०५ सालचा, म्हणजे दोनशे वर्षे गावगप्पा मुरल्यानंतरचा. ज्यांना घरातील जुन्या लग्नांच्या हकीकती दोन्ही बाजूंच्या नातलगांकडून ऐकण्याचा योग आला असेल, त्यांस हा प्रकार नवा वाटणार नाही. दोहोंपैकी काहीही खरे असो, ती सून पाटणला रुजली एवढे निश्चित. तिचा पुत्र जयसिंह सिद्धराज हा गुजरातेचा सर्वांत नामांकित राजा ठरला. सोमनाथास जाताना यात्रेकरूंवर कर बसे. तो भरता न आल्याने गोरगरीब डोळे पुसत परत फिरताना पाहून ती स्वतःही माघारी वळली, आणि मुलाने तो बहात्तर लक्षांचा कर माफ केला, ही मेरुतुंगाचीच कथा. धोळक्याचा मलाव तलाव व विरमगावचा मुनसर तलाव गुजरातेत आजही तिच्या नावाने सांगतात. कन्हैयालाल मुनशींच्या 'पाटणनी प्रभुता' या कादंबरीत तीच प्रमुख पात्र आहे. गोव्याची ही लेक. गोव्यात तिचे नाव किती जणांस ठाऊक आहे?

जयकेशीची दुसरी कन्या कल्याणच्या विक्रमादित्यास दिली. त्या वेळी विक्रमादित्य गादीवर नव्हता. थोरला भाऊ सोमेश्वर दुसरा राज्य करीत होता, आणि धाकट्यास मित्रांची गरज होती. जयकेशीने चालुक्य व चोल यांची कांचीस मैत्री घडवून आणली, असे कदंबांचे लेख अभिमानाने नोंदवतात. तात्पर्य, दख्खनच्या भावी सम्राटास सासरा म्हणून गोव्याचा राजा लाभला तो विक्रमादित्याच्या पडत्या काळात. व्यवहारी माणसे उगवत्या सूर्यास नमस्कार करतात म्हणतात. जयकेशीने तो क्षितिजाखाली असतानाच केला.

येथे नात्याचा थोडा हिशेब करावा लागेल. जयकेशी पहिल्याचा नातू, विजयादित्याचा पुत्र, तो जयकेशी दुसरा. म्हणजे सम्राट विक्रमादित्य हा त्याच्या आत्याचा यजमान. या जयकेशी दुसऱ्यास विक्रमादित्याने आपली कन्या मैळलदेवी दिली. एका पिढीत गोव्याची मुलगी कल्याणास गेली आणि पुढच्या पिढीत कल्याणची मुलगी गोव्यास आली. कोकणात व घाटावर ज्यास साटेलोटे म्हणतात त्याचेच हे एका पिढीच्या अंतराने झालेले रूप. श्रोत्यांनी एक गल्लत मात्र टाळावी: सोमेश्वर पहिल्याच्या एका राणीचेही नाव मैळलदेवीच होते व ती बनवासी प्रांताचा कारभार पाहत असे. ती वेगळी, दोन पिढ्यांनी जुनी. 'मैळल' या शब्दाशी मैलार या देवाचे नाव जुळते. मैलार म्हणजे मराठी लोकांचा खंडोबा, ज्याचे मोठे देऊळ बीदर जिल्ह्यातल्या खानापुरात आहे.

हा सारा काळ गोडीगुलाबीचा होता असे समजू नये. विक्रमादित्याच्याच राज्यात त्याचा मांडलिक सिंद आचुगी याने गोव्यावर चाल केली, गोवे घेतले व जाळले, अशी त्या सिंद घराण्याच्या लेखांतील बढाई आहे. म्हणजे ज्या घरात मुली दिल्याघेतल्या, त्याच घरावर त्याच सम्राटाचे सैन्यही आले. राजकारणात सोयरीक हा तहनाम्याचाच एक प्रकार असतो. शाईऐवजी तिथे हळदकुंकू वापरतात. पण तहनामा मोडला तर कागद फाडून टाकता येतो. सुनेला कुठे जाता येते? माहेरचे सैन्य सासरच्या दारात उभे राहिले असता त्या घरातील स्त्रियांनी कोणत्या देवाला साकडे घातले असेल, हे कोणत्याही शिलालेखात नाही.

११२५ सालच्या त्या नरेंद्रच्या शिलालेखात जयकेशी व मैळलदेवी हे दांपत्य एकत्र भेटते. त्या सुमारास जयकेशीकडे कोंकण नऊशे, पलसिगे बारा हजार, पायवे पाचशे व कवडीद्वीप सव्वा लक्ष असे प्रांत होते. हे आकडे म्हणजे प्रांताच्या नावाचाच भाग, जुन्या महसुली मोजणीचे. पलसिगे म्हणजे खानापूर तालुक्यातले हलशी. गोव्याचे कदंब राज्य घाटाखाली व घाटावर असे दोन पायांवर उभे होते, आणि त्यातला वरचा पाय कल्याणच्या छत्राखालच्या मुलखातच होता. मैळलदेवीला घाट ओलांडून यावे लागले खरे, परंतु ती पूर्णपणे परक्या भाषेत आली नाही. कदंबांच्या लेखांत कानडी व संस्कृत दोन्ही होत्या.

तिने माहेराहून काय आणले असेल, याचा अंदाज करण्यास एक साधन सुदैवाने उरले आहे. विक्रमादित्यानंतर गादीवर बसला तो त्याचा पुत्र सोमेश्वर तिसरा, मैळलदेवीचा भाऊ. त्याने ११२९ साली 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला: पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, आणि त्यांत राजाच्या जीवनातील यच्चयावत गोष्टी, हत्तींच्या लक्षणांपासून जेवणाच्या ताटापर्यंत. स्वयंपाकाच्या भागात इडलीची पूर्वज इड्डरिका आहे, धोसक आहे, वडे आहेत, पुऱ्या आहेत, आणि मंडक, म्हणजे मांडे, आहेत. बेळगावचे मांडे गोव्याच्या लग्नात आले की आजही मंडळींची पंगत रेंगाळते. त्यांची पाककृती चालुक्यांच्या राजाने लिहून ठेवलेली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. परंतु या ग्रंथातील मराठी माणसाच्या दृष्टीने अमोल अशी नोंद संगीताच्या प्रकरणात आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे हा राजा लिहितो. मराठीत काही पदेही त्याने दिली आहेत. ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, कल्याणच्या राजवाड्यात बसलेल्या राजाच्या कानावर मुसळाच्या तालावरची ओवी पडली होती आणि ती नोंदविण्याजोगी त्यास वाटली. त्याच राजवाड्यात त्याची बहीण वाढली.

मैळलदेवीवर कोणी काव्य रचले नाही. बिल्हणाने तिच्या पित्याच्या लग्नाचे वर्णन भरपूर केले. कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येचे स्वयंवर, वसंतऋतू, जलक्रीडा यांत त्याने सर्गच्या सर्ग खर्ची घातले. लेकीच्या पाठवणीला त्याच्या काव्यात जागा नाही. मैळलदेवीचे चरित्र शिलालेखांच्या ओळींतून वेचावे लागते. तरीही तिच्याविषयी सर्वांत बोलकी साक्ष कोणती म्हणाल, तर तिच्या दोन मुलांची नावे.

थोरला पुत्र पेर्माडी, संस्कृतात परमर्दिदेव. धाकटा विजयादित्य. आता विजयादित्य हे तर जयकेशीच्या पित्याचे नाव. नातवाला आजोबांचे नाव द्यावे हे रीतीस धरूनच झाले. पण आपल्याकडील रीतीप्रमाणे पहिल्या मुलाला पितृकुळातल्या आजोबांचे नाव जाते, ते येथे धाकट्याच्या वाट्याला आले. थोरल्याला जे नाव मिळाले ते पेर्माडी; आणि पेर्माडी, परमर्दिदेव ही चालुक्य विक्रमादित्याचीच प्रसिद्ध नावे होत. म्हणजे गोव्याच्या गादीवर बसणाऱ्या ज्येष्ठ पुत्राने आपल्या आईच्या वडिलांचे नाव धारण केले. यात सम्राटाची मर्जी राखण्याचा भाग नव्हता असे कोण म्हणेल? असो. पण पाळण्यात कानात नाव सांगते ती बाई, हेही विसरू नये. पुढे या दोघा भावांनी बिरुदेही मोठी सुंदर घेतली: थोरला शिवचित्त, धाकटा विष्णुचित्त. एकाच आईच्या दोन लेकरांनी शिव आणि विष्णू असे वाटून घेतले, आणि त्यावरून भांडण मात्र केले नाही. दोघे भाऊ मिळून राज्य चालवीत. शैव-वैष्णव मतांवरून मठांमठांत ताटे वेगळी करणाऱ्यांनी या घराकडे पाहावयास हरकत नव्हती.

शिवचित्त पेर्माडी ११४७ च्या सुमारास गादीवर आला. त्याच्या सोन्याच्या नाण्यांवर एका बाजूला सिंह व दुसऱ्या बाजूला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख आहे. दिवाडीवरचे ते सप्तकोटीश्वराचे स्थान पुढे भग्न झाले, देव डिचोलीच्या नार्व्यात आला आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला, हा इतिहास येथील मुलाबाळांसही पाठ आहे. त्या देवाचे नाव नाण्यावर घेऊन मिरविणारा राजा कल्याणच्या लेकीच्या पोटचा होता, एवढी त्यात भर घालावी.

पेर्माडीच्या राज्यात त्याच्या आईचे माहेर मात्र कोसळले. विक्रमादित्यानंतर चालुक्यांची पकड सैल होत गेली आणि कळचुरी बिज्जलाने कल्याण बळकावले. त्या बिज्जलाच्या कारभारात बसवेश्वर होते. त्यांच्यामुळेच आज त्या गावास बसवकल्याण म्हणतात. ११६७ च्या सुमारास त्या नगरात आणखी एक लग्न झाले. मधुवरस या ब्राह्मणकुळातील शरणाची कन्या हरळय्या या चर्मकार शरणाच्या पुत्रास दिली गेली. परंपरा सांगते की राजाने दोघांच्याही पित्यांना देहदंड दिला. त्यातून दंगल उसळली, बिज्जल मारला गेला, शरण दाही दिशांना पांगले. ज्या कल्याणातून मैळलदेवीची पालखी वाजतगाजत निघाली होती, त्याच कल्याणात पन्नासेक वर्षांच्या आत दुसऱ्या एका वरातीपायी रक्त सांडले. पहिल्या लग्नात दोन मुलूख जुळले म्हणून त्याची कोरीव नोंद झाली. दुसऱ्यात दोन जाती जुळल्या. त्या वधूवरांची नावेसुद्धा त्यांच्या पित्यांच्या नावांइतकी कोणी घेत नाही.

आता पुढच्या सुनेकडे वळू. पेर्माडीची राणी कमलादेवी. तिच्याही आईवडिलांची दखल लेखात आहे: पिता सोमवंशातील कामदेव, माता पांड्य कुळातील चट्टलदेवी. या राणीने कित्तूरजवळच्या देगाव येथे कमलनारायणाचे देऊळ बांधविले व विद्वान ब्राह्मणांसाठी अग्रहार वसविला. लेखातील कालगणना कलियुगाची आहे, कारण गोव्याच्या कदंबांस तीच आवडे: कलीचे ४२७५ वे वर्ष, जय संवत्सर, म्हणजे इसवी सन ११७४. देवळाला तीन गाभारे आहेत, त्यांतील एका मूर्तीत नारायणाच्या मांडीवर लक्ष्मी बसलेली आहे. तेथील एक लेख नागरीत आहे व दुसरा कानडी लिपीत. या देवळाच्या लेखात राजघराण्याची वंशावळ देताना जयकेशीच्या शेजारी मैळलदेवीचे नाव आले, चालुक्य राजाची कन्या म्हणून. सुनेने बांधलेल्या देवळात सासूचे नाव कोरले गेले. वंशावळीच्या झाडावर स्त्रियांची नावे कोण राखते, याचे उत्तर या एका ठिकाणी तरी मिळते.

विष्णुचित्त विजयादित्याचा पुत्र जयकेशी तिसरा, त्याच्यानंतर आणखी काही पिढ्या, आणि मग हे घराणे इतिहासातून ओसरत गेले. चौदाव्या शतकात त्यांच्या गोव्यावर सैन्ये आली ती पुन्हा त्याच दिशेने. १३४७ साली गुलबर्ग्यास बहमनी राज्य स्थापन झाले, पुढील शतकात त्याची राजधानी बीदरला गेली, आणि १४७२ साली बीदरचा वजीर महमूद गावान याने विजयनगरकडून गोवे घेतले. हा गावान स्वतः इराणातील गिलानचा, व्यापारासाठी आलेला परदेशी. बीदरमध्ये त्याने उभारलेला मदरसा आजही लोक पाहावयास जातात. बीदर व कलबुर्गी हे दोन जिल्हे गोव्याच्या नकाशावर कुठेच नसतात, परंतु गोव्याच्या इतिहासात त्यांची ये-जा अशी शतकानुशतके चालू आहे. एकदा तिकडून वरात आली, एरवी बहुधा फौजा.

जॉर्ज मोरायश या गोमंतकीय इतिहासकाराने १९३१ साली 'द कदंब कुल' हा ग्रंथ लिहून या घराण्याची साखळी जुळविली. त्याचे काम मुख्यतः राजांचे होते आणि ते त्याने चोख केले. तरीही त्या ग्रंथातून मुली व सुना तेवढ्या निवडून त्यांचा नकाशा काढला, तर ठाणे, पाटण, कल्याण आणि गोपकपट्टण ही चार ठिकाणे रेषांनी जोडली जातात. आणि त्या प्रत्येक रेषेवरून एक मुलगी, बरोबर दोन-चार दासी घेऊन, परत न येण्याच्या वाटेने गेलेली आहे. तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ ज्या काळ्या दगडाचे आहे तो दगडही घाटावरून आणलेला म्हणतात. दगड कुठून आला हे आपण कौतुकाने सांगतो.

विज्ञानेश्वराचा उल्लेख आधी आला आहे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या मर्तूर गावाशी त्याचे नाव जोडले जाते. त्याच्या 'मिताक्षरे'मुळे मुलाला जन्मतःच वडिलार्जित मालमत्तेत हिस्सा मिळू लागला, हे सर्वांस माहीत आहे. स्त्रीधनाची व्याख्या त्याने पूर्वीच्या पंडितांपेक्षा पुष्कळ रुंद केली, वारसाने वा वाटणीत मिळालेले धनही त्यात घातले, हे फारसे कोणी सांगत नाही. पुढच्या टीकाकारांनी व न्यायालयांनी ती रुंदी पुन्हा आखडून घेतली. मुलीला जन्मतः वाटेकरी करणारी दुरुस्ती भारताच्या हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झाली. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याने मुलगा व मुलगी यांना वारशात सारखे मानले, आणि पतीपत्नींच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा वाटा धरला. म्हणजे गोव्याच्या सुनेचे नाव नोटरीच्या दप्तरात आहे, विवाहाच्या नोंदवहीत आहे, माहेर आणि आईबापांसकट आहे. देवळाच्या वंशावळीत ते उतरवून घ्यावयाचे तर कागद तयारच आहेत. कोणीतरी बसून लिहावयास हवे, आणि ज्यांच्या स्मरणात अद्याप काही उरले आहे अशा वडीलधाऱ्या स्त्रिया हयात आहेत तोवर लिहावयास हवे.

गाणगापूरच्या वारीस पुढील खेपेला जे जातील त्यांनी एखादा दिवस हाताशी ठेवून बीदर जिल्ह्याकडे वळावे. बसवकल्याणात किल्ला आहे, पण तो पुढच्या काळातला. चालुक्यांच्या राजवाड्याचा मागमूस नाही. जवळ नारायणपूरला चालुक्यकालीन शिवालय आहे. त्यानंतर हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगवी या खेड्यात जावे. तेथील जुन्या देवळाच्या बाह्यभिंतीवर कोरीव स्त्रियांची रांग आहे. त्यांतली एक पाठमोरी वळून उभी आहे आणि तिच्या हातात लेखणी आहे. ती दगडावर संस्कृत अक्षरे लिहीत आहे, आणि ती अक्षरे आजही वाचता येतात. चालुक्य विक्रमादित्याची स्तुती आहे ती, मैळलदेवीच्या पित्याची. लिहिणारीचे नाव खाली नाही.